मराठे–निजाम सरहद्द : बीड परिसर

अठराव्या शतकात पुण्याचे पेशवे व हैदराबादचे निजाम या दोन सत्तांमध्ये दख्खनच्या महसुलासाठी व वर्चस्वासाठी जी दीर्घ स्पर्धा चालली, तिचे एक प्रमुख क्षेत्र गोदावरी, सीना व मांजरा या नद्यांमधील प्रदेश हे होते. आजचा बीड जिल्हा स्थूलमानाने याच प्रदेशात येतो. १७२८ ते १७९५ या काळातील मराठे–निजाम युद्धांपैकी बहुतेक मोठी युद्धे या जिल्ह्याच्या हद्दीत किंवा तिच्यापासून काही मजलांच्या अंतरावर झाली. तथापि या संपूर्ण काळात दोन राज्यांमधील सीमा दाखविणारी अखंड रेषा या प्रदेशातून काढता आली नसती. सीमा होती ती गावांच्या वसुलात. एकाच गावाच्या उत्पन्नावर दोन राज्यांचा एकाच वेळी कायदेशीर हक्क असणे, हे या सरहद्दीचे खरे स्वरूप होय.

जिल्ह्याची भूरचना या इतिहासाला कारणीभूत आहे. उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि तिच्या दक्षिणेस गंगथडीचा सपाट, काळ्या मातीचा पट्टा आहे. बालाघाटचे डोंगर जिल्ह्याच्या मध्यातून जातात. पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा पूर्वेकडे बीदरच्या दिशेने, तर पश्चिमेस आष्टी तालुक्याच्या कडेने वाहणारी सीना दक्षिणेकडे भीमेस मिळण्यासाठी जाते. त्यामुळे औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) हैदराबादकडे आणि पुणे-अहमदनगरहून (आताचे अहिल्यानगर) बीदरकडे जाणाऱ्या फौजांना हा टापू टाळणे कठीण होते. घाट थोडे, गोदावरीचे उतार मोजके आणि मधला मुलूख चाऱ्याच्या दृष्टीने भरवशाचा नाही, अशी ही युद्धभूमी होती.

सरहद्दीचे हे दुर्दैव अठराव्या शतकाचेच नव्हे. बहमनी राज्याच्या विभाजनानंतर आदिलशाही व निजामशाही यांच्या सीमा बालाघाटात भिडल्या. धारूरचा किल्ला १५६७ मध्ये आदिलशाही सरदार किश्वरखान याने बांधला, तो निजामशाहीला शह देण्यासाठी. आणि लवकरच तो निजामशाहीच्याच हाती गेला. अकबराच्या दक्षिण स्वारीत बीड शहर मोगलांनी घेतले. शाहजहानच्या कारकीर्दीत बंडखोर खानजहान लोदी याचा पाठलाग करणाऱ्या आझमखानाने १६३० मध्ये बीडच्या परिसरात त्याचा पराभव केला व १६३१ च्या आरंभी धारूर जिंकले. ही मोहीम १६३०–३२ च्या भीषण दुष्काळात चालली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या मुलखातील गावांवर कोणता प्रसंग गुदरला असेल याची कल्पना येते. मोगल व्यवस्थेत बीड व फतेहाबाद (धारूर) या औरंगाबाद सुभ्यातील सरकारा बनल्या. पुढील शतकातील दोन्ही पक्षांचे दावे याच मोगल जमाबंदीच्या चौकटीवर उभे होते.

दुहेरी वसुलाची व्यवस्था : १७१९ मध्ये दिल्लीहून मिळालेल्या सनदांनी छत्रपती शाहूंना दख्खनच्या सहा सुभ्यांतील चौथाई व सरदेशमुखी यांचे हक्क प्राप्त झाले. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा व सरदेशमुखी म्हणजे दहावा. दोन्ही मिळून शेकडा ३५. सहा सुभ्यांचे कागदोपत्री उत्पन्न सुमारे १८ कोटी रुपये धरलेले होते. प्रत्यक्ष वसूल याहून पुष्कळ कमी असे. पण दावे मात्र कागदावरील आकड्यांवरून मांडले जात. बाळाजी विश्वनाथ पेशव्याने या उत्पन्नाची जी वाटणी बसविली, तीत चौथाईपैकी चतुर्थांश ‘बाबती’ म्हणून राजाकडे, शेकडा ६ ‘साहोत्रा’ व शेकडा ३ ‘नाडगौडा’ म्हणून इतर मानकऱ्यांकडे आणि उरलेला ‘मोकासा’ सरदारांकडे जाई. एकाच परगण्यात निरनिराळ्या सरदारांचे निरनिराळे अंश राहत. परिणामी निजामाच्या आमिलाबरोबरच गावात पेशव्यांचा कमाविसदार, मोकाशाचा गुमास्ता आणि प्रसंगी घासदाण्यासाठी आलेले स्वार असे अनेक वसूलदार येत. या पद्धतीस दुअमल असे म्हणत. दोन अंमलदारांपैकी प्रथम कोणास द्यावयाचे, हा प्रश्न पाटील-कुलकर्ण्यांना दरसाल सोडवावा लागे. दोन्हीकडील ताकीदपत्रे एकाच सुगीत येत.

निजामुल्मुल्क आसफजाह याने १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिझखानाचा पराभव करून दख्खनमध्ये आपली सत्ता स्थिर केली, तेव्हा त्याला हे ३५ टक्के खटकणे स्वाभाविक होते. शाहू व कोल्हापूरचे संभाजी यांपैकी चौथाईचा खरा अधिकारी कोण, हे ठरेपर्यंत वसूल थांबवावा, अशी युक्ती त्याने योजिली. पहिल्या बाजीरावाने त्याला फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ कोंडीत पकडले व ६ मार्च रोजी मुंगी-शेवगाव येथे तह झाला. मुंगी हे गोदावरीवरील गाव आजच्या बीड जिल्ह्याच्या वायव्य सीमेजवळ आहे. या तहाने चौथाई व सरदेशमुखीचा हक्क निजामाने मान्य केला. परंतु मुलुखाची फाळणी केली नाही. मराठ्यांचा विजय झाला तो ‘येथे आमचा हिस्सा आहे’ एवढे मान्य करून घेण्यापुरता, आणि पुढील पाऊणशे वर्षांच्या तंट्याचे मूळ नेमके येथेच आहे.

परस्परविरोधी सत्तांनी एखादा प्रदेश असा अविभक्त ठेवल्याची उदाहरणे अन्यत्रही आढळतात. रशिया व जपान यांनी १८५५ च्या शिमोदा तहात साखालिन बेटावर सीमा न आखता ते उभयतांसाठी खुले ठेवले होते. वीस वर्षांत ती व्यवस्था असह्य होऊन १८७५ मध्ये साखालिन रशियाकडे व कुरिल बेटे जपानकडे अशी अदलाबदल झाली आणि १९०५ मध्ये युद्धानंतर ५० अक्षांशावर बेटाचे दोन तुकडे करण्यात आले. तेथे प्रश्न विरळ वस्तीच्या बेटाचा होता. बीड परिसरात तो दाट वस्तीच्या, शेकडो वर्षांच्या वतनदारीने बांधलेल्या मुलखाचा होता, म्हणून अविभक्ततेची किंमतही अधिक मोजावी लागली.

या सरहद्दीवरील निष्ठांचे चित्र धर्मभेदावरून रंगविणे चुकीचे ठरेल. शाहूंचा सरलष्कर सुलतानजी निंबाळकर निजामाकडे गेला. सीनेच्या खोऱ्यात खर्ड्याचा किल्ला त्याने १७४३ मध्ये बांधला. करमाळ्याचे रावरंभा निंबाळकर व सिंदखेडचे जाधव हेही निजामाचे सरदार होते. निजामअलीचा दिवाण विठ्ठल सुंदर हा ब्राह्मण मुत्सद्दी होता. उलट महादजी शिंदे यांचे गुरू मन्सूरशाह हे सूफी सत्पुरुष बीडचे. त्यांचा दर्गा तेथे आहे. वतन, मनसब व वैयक्तिक वैर यांवरून सरदारांच्या बाजू ठरत आणि बदलत. ज्याचे वतन एका राज्यात व मनसब दुसऱ्यात, त्याला दोन्हीकडे नाते ठेवणे भागच होते.

उद्‍गीर ते उरुळी : निजामुल्मुल्कच्या मृत्यूनंतर (१७४८) त्याच्या पुत्रांतील कलहामुळे मराठ्यांना अनुकूल काळ आला. भालकी (१७५२) व सिंदखेड (१७५७) येथील यशानंतर १७६० मध्ये सदाशिवराव भाऊने उद्‍गीरच्या मोहिमेत निजामास निर्णायक शह दिला. या मोहिमेत सलाबतजंग व निजामअली यांचा प्रयत्न धारूर गाठून तेथील आपल्या फौजेस मिळण्याचा होता. बालाघाटचा तो किल्ला हाती असता, तर मोहिमेचा निकाल लांबणीवर पडला असता. पण ३ फेब्रुवारी १७६० रोजी औसा परिसरात भाऊने त्यांना वाटेतच गाठले. तहात सुमारे ६० लक्षांचा मुलूख व दौलताबाद, विजापूर, बुऱ्हाणपूर, असीरगड ही ठाणी मराठ्यांना मिळाली. येथे मुलूख ‘लक्षांचा’ म्हणून मोजला जातो, कोसांनी नव्हे, हे ध्यानात घ्यावयास हवे. कोणता परगणा कोणत्या आकारणीने धरावयाचा याची यादी पुढे होई, व त्या यादीवरून नवा वाद सुरू होई.

पानिपतच्या पराभवाने (१४ जानेवारी १७६१) परिस्थिती पालटली. निजामअलीने टोके व प्रवरासंगम येथील देवालये उद्ध्वस्त करीत पुण्याजवळ उरुळीपर्यंत मजल मारली आणि जानेवारी १७६२ मध्ये २७ लक्षांचा मुलूख परत मिळविला. त्याच वर्षी त्याने भाऊ सलाबतजंगाला बीदरच्या किल्ल्यात कैद करून सत्ता हाती घेतली, आणि तिकडे रघुनाथरावाने पुतण्या माधवरावाविरुद्ध निजामाचे साहाय्य मागून त्याला पुन्हा मोठा मुलूख देऊ केला. दोन वर्षांत तोच तो मुलूख दोनदा हातांतून गेला-आला; कमाविसदार बदलले, मागील बाकी मात्र रयतेच्याच नावावर राहिली.

राक्षसभुवनची लढाई : १७६३ च्या आरंभी विठ्ठल सुंदरच्या सल्ल्याने निजामअलीने पेशव्यांविरुद्ध मोठा कट उभारला. नागपूरचे जानोजी भोसले यांना सातारच्या राज्यकारभारात अग्रस्थान देण्याचे आमिष दाखविण्यात आले. माधवराव-रघुनाथरावांवर रुष्ट झालेले गोपाळराव पटवर्धन, भवानराव प्रतिनिधी प्रभृतीही त्यास मिळाले. विठ्ठल सुंदरची मागणी भीमेच्या पूर्वेकडील सर्व मुलूख निजामास मिळावा, अशी होती. या संघर्षात एखादी नदी ही सीमा म्हणून मागितली गेल्याचे हे ठळक उदाहरण. लक्षांच्या यादीऐवजी रेषा मागणे म्हणजे चौथाईची मूळ कल्पनाच मोडून काढणे होते. विठ्ठल सुंदरला हे पुरते कळत होते, असे मानावयास हरकत नाही.

पेशव्यांनी समोरासमोर लढाई टाळून निजामाच्या मुलखात खोल शिरण्याचे धोरण स्वीकारले. निजामअलीने मे महिन्यात पुणे लुटले व जाळले, तर मराठी फौजांनी त्याच्या प्रदेशात खंडण्या घेतल्या. पावसाळ्याच्या तोंडाशी निजामाने औरंगाबादकडे परतण्याचा निर्णय घेतला. दरम्यान ३२ लक्षांच्या मुलुखाचे वचन देऊन पेशव्यांनी जानोजी भोसल्यांना गुप्तपणे फोडले. पगाराची बाकी पुढे करून ते निजामापासून अलग झाले.

राक्षसभुवन हे गाव बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण तीरावर असून तेथील शनिमंदिर प्रसिद्ध आहे. येथील उतारावरून निजामअली काही फौजेनिशी उत्तर तीरावर गेला. विठ्ठल सुंदर उरलेली फौज व सामान घेऊन दक्षिण तीरावर थांबला. गोदावरीला पूर आला होता. १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठ्यांनी जलद मजला मारून या अडकलेल्या फौजेवर हल्ला चढविला. लढाई तीव्र झाली. रघुनाथराव शत्रूच्या गराड्यात सापडला असता अठरा वर्षांच्या माधवरावाने राखीव फौजेनिशी त्याची सुटका केली. विठ्ठल सुंदर मारला गेला, त्याबरोबर मोगल फौजेचा धीर सुटला. पळणाऱ्यांपुढे नदी होती. निजामअलीला पैलतीरावरून हे पाहत राहण्याखेरीज फारसे काही करता आले नाही. पैठण येथे १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणामुळे त्याखालील गोदावरीचे पात्र आता बहुधा शांत दिसते. १७६३ च्या पुराची कल्पना आजच्या पात्रावरून करू नये.

२५ सप्टेंबर १७६३ रोजी औरंगाबाद येथे तह झाला. मराठी साधनांनुसार निजामाने एकूण ८२ लक्षांचा मुलूख सोडला. निजामअलीने घडल्या गोष्टीचा सर्व दोष मृत दिवाणाच्या माथी मारला. जानोजींना दिलेल्या ३२ लक्षांपैकी २४ लक्षांचा मुलूख माधवरावाने १७६६ मध्ये परत घेतला व त्यातील बराचसा निजामाला देऊन त्याची मैत्री संपादिली. ज्या मुलुखासाठी राक्षसभुवनी रक्त सांडले, त्याचा एक भाग तीन वर्षांत पूर्वीच्याच धन्याकडे गेला, ही गोष्ट त्या काळच्या राजनीतीत मुळीच विसंगत मानली गेली नाही. शत्रूला संपविणे हा कोणाचाच हेतू नव्हता. चौथाई देणारा निजाम पेशव्यांना हवाच होता. लढाईचे खरे फळ निराळे होते. पानिपतनंतर दख्खनमध्ये डळमळलेली पेशव्यांची सत्ता सावरली आणि माधवरावाचा अधिकार चुलत्याच्या छायेतून बाहेर पडू लागला.

खर्डा आणि त्यानंतर : यानंतर सुमारे तीस वर्षे मोठे युद्ध झाले नाही, तरी चौथाईची बाकी साठत गेली व हिशेबाचा वाद वाढत गेला. पुण्याच्या वकिलांनी तीन कोटींच्या आसपास मागणी मांडली. निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क (अजीमुल्उमरा) याने ती उडवून लावली. इंग्रज गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने तटस्थ राहण्याचे ठरविले. निजामअली बीदरहून मांजरेच्या काठाने आला, सवाई माधवरावाची फौज सीनेच्या काठाने गेली. या प्रदेशाच्या दोन नद्यांनी दोन सैन्यांना समोरासमोर आणले, असे म्हणता येईल. निजाम मोहरीचा घाट उतरला आणि ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याजवळ युद्ध झाले. खर्डा आज जामखेड तालुक्यात, बीड जिल्ह्याच्या सीमेलगत आहे. परशुरामभाऊ पटवर्धन मराठ्यांचे सेनापती होते. निजामाकडे रेमाँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या कवायती पलटणी होत्या. दोन्ही बाजूंची मनुष्यहानी थोडी झाली. रात्री ओढ्यावर घोड्यांना पाणी पाजण्यास आलेल्या एका लहान मराठी टोळीवर पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या, त्या आवाजाने निजामाच्या छावणीत घबराट उडाली आणि फौज फुटली. निजामअलीने निंबाळकरांच्या खर्ड्याच्या किल्ल्यात आश्रय घेतला. वेढ्यात पाण्याचे हाल झाल्यावर त्याने दौलताबादसह मोठा मुलूख, थकबाकीदाखल तीन कोटी व खुद्द मुशीरुल्मुल्क यांस स्वाधीन करण्याचे मान्य केले.

या विजयाचे आयुष्य जेमतेम दीड वर्षाचे ठरले. सवाई माधवराव २७ ऑक्टोबर १७९५ रोजी मरण पावला. वारसाच्या कारस्थानात निजामाचे पाठबळ मिळावे म्हणून नाना फडणीसाने १७९६ च्या महाडच्या कराराने खर्ड्याच्या अटी सोडून दिल्या व कैदेतील दिवाणही सोडला. त्याच दिवाणाने १७९८ मध्ये हैदराबादला इंग्रजांची तैनाती फौज आणली. ज्या तटस्थतेने खर्डा घडले, तिचा धडा निजामाने घेतला तो असा. पेशव्यांना मात्र तो १८०२ च्या वसई तहाने घ्यावा लागला. निजामावरील आपल्या दाव्यांत इंग्रजांचा निवाडा मान्य करण्याचे त्यांनी तेव्हा पत्करले. १८०३ मध्ये निजामाची तैनाती फौज परांड्यापाशी येऊन थांबली, तेव्हा सीना-मांजरेच्या मुलखात तिसरी सत्ता उघडपणे उतरली होती. पाठोपाठ आलेल्या १८०३–०४ च्या दुष्काळात अहमदनगरच्या बाजूची अनेक गावे ओस पडली.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. त्याच सुमारास बीड भागात धर्माजी प्रतापराव याने निजामाविरुद्ध बंड केले व सदरलंड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने निजामाचे रिसाले आणून ते मोडले. पेशव्यांचे हक्क आता कंपनीकडे आले होते. १२ डिसेंबर १८२२ च्या तहाने कंपनीने निजामावरील चौथाईच्या जुन्या व पुढील सर्व मागण्या सोडल्या आणि परस्परांतील मुलखांची अदलाबदल करून हद्द सुटसुटीत केली. १७१९ पासून चालत आलेला दुअमल या प्रदेशातून अशा रीतीने गेला. सीनेच्या पूर्वेचा बीड निजामाकडे व पश्चिमेचा अहमदनगर इंग्रजांकडे, ही विभागणी स्थिर झाली.

तथापि ही रेषाही स्वच्छ नव्हती. जामखेड तालुक्यातील इंग्रजी गावे निजामी मुलखात विखुरलेली राहिली. सरहद्दीवर हैदराबाद संस्थानचे करोडगिरीचे नाके बसले. मालावर जकात पडे. नाण्यांचीही सीमा झाली. पूर्वेस हाली शिक्का, पश्चिमेस कलदार; स्थूलमानाने सात हाली रुपयांस सहा कलदार असा भाव असे, आणि बाजाराला जाणाऱ्या शेतकऱ्याला त्यात बट्टा सोसावा लागे. सोयरिकी व देवस्थानांच्या यात्रा मात्र या रेषेने अडविल्या नाहीत. न्यायालयांची भाषा मात्र वेगळी झाली: एका तीरावर मराठी व इंग्रजी, दुसऱ्यावर आधी फार्सी व पुढे उर्दू. मराठवाडा म्हणून जी स्वतंत्र जाणीव पुढे दिसते, तिची एक बाजू या रेषेच्या सव्वाशे वर्षांत घडली.

१९४७–४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात हीच रेषा पुन्हा महत्त्वाची ठरली. संस्थानी हद्दीबाहेर बार्शीसारख्या ठिकाणी स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांची शिबिरे होती. रझाकारांच्या अत्याचारांमुळे अनेक कुटुंबे सीमेपलीकडे गेली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. जानेवारी १९५० मध्ये प्रांत व संस्थाने यांतील विखुरलेली बेटवजा गावे परस्परांत समाविष्ट करण्याचा केंद्र सरकारचा आदेश निघाला व त्याखाली मुंबई आणि हैदराबाद या राज्यांमध्येही अशा गावांची अदलाबदल झाली. १९५६ मध्ये बीड जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. हाली शिक्क्याचे चलन १९५९ मध्ये बंद झाले. आष्टी तालुक्याची सीना नदीकाठची हद्द आजही दोन जिल्ह्यांची, तसेच मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्र या दोन विभागांची हद्द आहे.